दारातल्या बुटांची नोकरी

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो एक जुना, डावा, तेरा नंबरचा बूट. उजवा इथेच माझ्या शेजारी आहे, पण तो बोलत नाही. आयुष्यभर पहिलं पाऊल त्यानेच टाकलं, त्यामुळे आपलं कर्तव्य संपलं असं त्याचं मत आहे. म्हणून दोघांची हकीकत मलाच सांगावी लागते.

आमचा जन्म एका अरुंद दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथल्या भिंतीवर कलबुतं टांगलेली होती. कलबूत म्हणजे पायाचा लाकडी साचा. त्यावर चामडं ताणून बूट शिवतात. आमच्या कारागिराकडची कलबुतं बारा नंबरला संपत होती. तेरा नंबरचा माणूस आपल्या आयुष्यात येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो आला तेव्हा दारातून वाकून आला. कारागिराने चष्मा वर करून त्याच्या पायांकडे पाहिलं, मग पुन्हा चष्मा लावून पाहिलं, आणि म्हणाला, "बसा. जरा वेळ लागेल." तीन आठवडे लागले.

तो माणूस घरसामान हलवण्याचं काम करी. पाठीवर कपाट घेऊन तो चार-चार मजले चढे, आणि वाटेत कठड्याला धक्का लागला तर कठड्याची माफी मागे. त्याला पाहून लोक बाजूला होत, हे त्याला कधीच कळलं नाही. दर रविवारी त्याची बायको आम्हाला पॉलिश करी. दोनदा आमचे तळवे बदलले. नऊ वर्षं आम्ही मन लावून नोकरी केली आणि एकदाही कुणाच्या पायावर पडलो नाही.

मग त्याच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी त्याला मऊ चपला सांगितल्या. आम्ही दाराच्या मागे गेलो, दाराच्या मागून माळ्यावर गेलो आणि माळ्यावरून जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथे एका फुटक्या टेबललॅम्पशेजारी आम्ही दोन वर्षं काढली. लोक आम्हाला उचलत, हसत आणि ठेवून देत. मुलं एकाच बुटात दोन्ही पाय घालून फोटो काढत. मित्रांनो, दुर्लक्ष सहन होतं. कौतुक करून परत फळीवर ठेवणं सहन होत नाही.

एके सकाळी त्या दुकानात एक जोडपं आलं. तो लहानखुरा, टापटीप, खिशाला दोन पेनं. ती उंच, खांदे ताठ आणि हात कायम कशाच्या तरी शोधात पुढे. त्याने मला उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला सहा नंबर लागेल. हे फार मोठे होतील."

"मला घालायचे नाहीत."

"मग कुणाला?"

"कुणालाच नाही. दाराबाहेर ठेवायचेत."

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमच्यापैकी रागावून कुणी कुणाला घराबाहेर काढलंय?" त्याने हळूच विचारलं.

"तसं नाही हो," ती हसून म्हणाली. "आमच्या दारात कुणीतरी दांडगा माणूस राहतो असं वाटायला हवं."

काकांनी आम्हाला दुकानाच्या उंबऱ्यात ठेवलं, दहा पावलं मागे गेले आणि डोळे बारीक केले. "बरे आहेत," ते म्हणाले. "पण जरा राकट दाखवा ना. यांचा चेहरा फार समजूतदार वाटतो."

आमच्याहून राकट असं दुकानात काही नव्हतं. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो.

आता या दोघांबद्दल सांगायला हवं. काका एका मोठ्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. छत्तीस वर्षांत त्यांच्या वाचनालयातून अकरा पुस्तकं हरवली होती, आणि ती कोणती हे ते झोपेतही सांगत. बाई नर्स होत्या. इस्पितळात त्यांनी आवाज चढवला की मजल्यावरचे सगळे पेशंट एकदम गोळी गिळत, ज्यांना गोळी नव्हती तेसुद्धा. दोघं निवृत्त झाले त्याच वर्षी बाईंच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. नजरेच्या मधोमध एक करडा ठिपका आला आणि हळूहळू मोठा होऊ लागला. डॉक्टर म्हणाले, थांबवता येत नाही, लांबवता येतं. दोन-तीन वर्षं धरून चाला. जे पाहायचंय ते आधी पाहून घ्या.

बाईंनी रडण्याऐवजी यादी केली. डोंगर, सरोवर, संग्रहालय, दीपगृह, पक्ष्यांचं बेट, अशी सोळा ठिकाणं. काकांनी त्या यादीला क्रमांक दिले. मग त्यांनी एक मोटरहोम घेतली. आत दोन पलंग, एक शेगडी, कपाटाएवढी न्हाणी आणि बाहेर पडायला एक पायरी. दोघं तिला घरगाडी म्हणत.

घरगाडीची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. दुरून ती किल्ल्यासारखी दिसते, पण तिच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांना आतून जी खिट्टी असते ती डब्याच्या झाकणाहून पक्की नसते. दुसऱ्याच आठवड्यात एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर, भर दुपारी, काका-बाई पाव आणि दूध घ्यायला वीस मिनिटं आत गेले. न्हाणीच्या खिडकीची खिट्टी काकांनी लावली नव्हती. परत आले तेव्हा खिडकी लोंबत होती, दार उघडं होतं आणि एक देखणी चामडी पिशवी गेली होती.

त्या पिशवीत बाईंचा खास चष्मा होता. डोळ्यांचे थेंब होते, भिंग होतं. चोराला त्यातलं काही कामाचं नव्हतं, त्याला पिशवी आवडली असणार. नवा चष्मा बनून यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत ते यादीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या डोंगरांमधून जात होते. बाई पुढच्या सीटवर बसून विचारत, "कसं आहे हो?" आणि छत्तीस वर्षं पुस्तकांत राहिलेला तो माणूस सांगे, "डोंगर आहेत. बरेच आहेत."

डोंगर मागे गेले ते गेलेच. बाईंनी कधी त्याचा उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून काकांनी गाडीला कुलपं लावायचा सपाटा लावला. दाराला वर दोन, खाली दोन, मध्ये कुलपाची आडवी पट्टी. स्टिअरिंगला लोखंडी दांडा. पुढच्या दोन्ही दारांच्या हँडलमधून एक जाड पट्टा ओवून घट्ट आवळलेला. प्रत्येक खिट्टीला क्रमांक आणि वहीत प्रत्येक क्रमांकापुढे बरोबरची खूण. जागा निवडताना गाडीची पाठ भिंतीला. मौल्यवान वस्तू काचेतून दिसतील अशा ठेवायच्या नाहीत. हे सगळं शहाणपणाचंच होतं, मित्रांनो. बिघाड दुसरीकडे होता. एवढं करूनही काका गाडी सोडून जाईनात.

"तू जाऊन ये," ते म्हणत. "मी आहे इथे."

आणि बाई जात. कुंपणापर्यंत जात, वळणापर्यंत जात. संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून एकदा परत आल्या, कारण पायरी कुठे संपते आणि जमीन कुठे लागते ते कळेना. त्या दिवशी त्या पहिल्यांदा चिडल्या.

"घरच राखायचं होतं तर भिंतींचं होतं की एक! याला चाकं कशाला लावलीत?"

"पुन्हा दार फुटलं तर?"

"फुटलं तर फुटलं."

"मग विकून टाकू गाडी. सरळ घरी जाऊ," काका म्हणाले. "मला ते पुन्हा नाही जमायचं. दार फुटलं की घरी. ठरलं."

"ठरलं," बाई म्हणाल्या. "पण तोवर तुम्ही माझ्याबरोबर चलायचं."

काका पुन्हा एकदा खिट्ट्या तपासायला उठले. तेव्हा बाईंना वॉर्ड आठवला. ज्या खाटेखाली मोठे बूट असत, त्या खाटेवरचं सफरचंद कधी चोरीला जात नसे, मग त्यावर झोपलेला माणूस कितीही मरतुकडा असो. अशा रीतीने आम्हाला पुन्हा नोकरी लागली.

नोकरी सोपी होती. पायरीशेजारी उभं राहायचं. आत एक माणूस आहे असं वाटू द्यायचं. रोज सकाळी काका थोडा चिखल कालवून चमच्याने आमच्या अंगावर लावत. टोकं बाहेर हवीत की आत, यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला. शेवटी टोकं बाहेर ठेवली, म्हणजे माणूस कोणत्याही क्षणी पाय घालून बाहेर येईल असं वाटावं. त्याचबरोबर निघताना आतल्या माणसाचा मोठ्याने निरोप घ्यायचा असंही ठरलं. तो काकांचा थोरला भाऊ. काका एकुलते एक होते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी 'दादा' म्हणायची संधी मिळाली.

"दादा, येतो हं आम्ही!" ते रिकाम्या गाडीत तोंड घालून ओरडत. "व्यायाम झाला की विश्रांती घ्या!"

बाईंना व्यायाम पटत नव्हता. न दिसणाऱ्या माणसालाही त्या पेशंटच समजत. "भाऊजी, दुपारची गोळी टेबलावर ठेवलीय. जेवणानंतर घ्या. आणि ताप आला तर दार उघडून वाऱ्यात बसू नका!"

"अगं, तू त्यांना आजारी कशाला पाडतेस?" काका कुजबुजत. "चोराला वाटेल, आत कुणीतरी अंथरुणाला खिळलंय."

"एवढ्या मोठ्या माणसाला रक्तदाब असणारच. मी वजन बघूनच सांगते."

"वजन कुठं पाहिलंस तू?"

"बुटांवरून."

हळूहळू काका अर्धा तास बाहेर जाऊ लागले. मग एक तास. मग एक दिवस असा आला, की मी तो कधी विसरणार नाही. घरगाड्या उभ्या राहतात अशा एका तळावर एक माणूस पाठीला थैली लावून प्रत्येक गाडीच्या दाराची कडी हलवून पाहत होता. आमच्या दाराशी आला. खाली पाहिलं. आत काकांनी मुद्दाम चालू ठेवलेल्या रेडिओवर कुणीतरी घोगऱ्या आवाजात हवामान सांगत होतं. त्या माणसाने हात मागे घेतला, दाराला "माफ करा" म्हणाला आणि निघून गेला. पलीकडच्या गाडीतल्या लोकांनी हे काकांना सांगितलं. काकांनी आनंदाच्या भरात आम्हाला झकास पॉलिश केलं. मग चूक लक्षात आली आणि पुन्हा चिखल लावला.

त्यानंतर काकांनी सरोवर पाहिलं. जुन्या पुलावर बाईंचा हात धरून गेले. ते काय पाहून आले ते मला माहीत नाही, कारण मला जागा सोडायची परवानगी नव्हती. पण परत येताना दोघांच्या बोलण्याचा आवाज वळणाआधीच ऐकू येई. "डोंगर आहेत, बरेच आहेत" असं सांगणारा माणूस आता पाण्याचा रंग सांगताना तीन वेळा शब्द बदलत होता.

मग आम्ही समुद्राकाठच्या तळावर आलो. तिथे शेजारच्या गाडीत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी तीस वर्षं आगीचा बंब चालवला होता. सगळा तळ त्यांना बंबकाका म्हणे आणि त्यांच्या बायकोला बंबकाकू. दोघंही गोल, गरीब स्वभावाची, आणि कुणाला शिंक आली तरी खुर्चीवरून अर्धी उठणारी.

आमच्या काकांचा शेजाऱ्यांवर विश्वास नव्हता. लांबूनच नमस्कार करायचा आणि दार लावायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे बंबकाकूंना आमच्याबद्दल जेवढं कळलं ते सगळं भिंतीपलीकडून. आत एक मोठा भाऊ आहे. त्याला औषधं चालू आहेत. तो बाहेर येत नाही. आणि दर वेळी निघताना धाकटा भाऊ बाहेरून खडाक, खडाक, खडाक अशी कुलपं लावतो.

चौथ्या दिवशी काका-बाई दीपगृह पाहायला निघाले. यादीतलं ते नववं ठिकाण. दोनशे बारा पायऱ्या, गोल जिना, मध्ये उजेड नाही. काकांच्या हाताशिवाय बाईंना ते जमलंच नसतं. पहिल्यांदाच दोघं दिवसभरासाठी चालले होते.

"दादा, संध्याकाळ होईल हं!"

"भाऊजी, एक वाजताची गोळी विसरू नका! छातीत दुखलं तर पडून राहा!"

खडाक, खडाक, खडाक.

अकरा वाजता रेडिओची बॅटरी संपली. गाडीत शांतता पसरली. शांतता म्हणजे काय, हे बंबाच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

बारा वाजता बंबकाकू सुपाचं पातेलं घेऊन आल्या. दार वाजवलं. "भाऊ? गरम सूप आणलंय हो." मी गप्प. उजवा तर कायमचाच गप्प. त्यांनी खिडकी वाजवली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, आत आवाजच नाही."

"झोपला असेल."

"छातीत दुखतंय म्हणत होती ती सकाळी. आणि बूट बघा. चार दिवस झाले, तसूभर हललेले नाहीत."

बंबकाका खाली वाकले. हे खरं होतं. पहिल्या आठवड्यात काका आम्हाला रोज थोडं इकडेतिकडे सरकवत. मग यश मिळत गेलं आणि ते विसरले. माझ्या शेजारून मुंग्यांची एक रांग गेली होती आणि त्यांनी मला धरून वळण घेतलं होतं.

"आजारी माणूस," बंबकाका सावकाश म्हणाले, "आणि कुलपं बाहेरून."

"मी म्हणतच होते, तो बारीक माणूस कधी नीट बोलत नाही."

"सरक," बंबकाका म्हणाले.

मित्रांनो, आमच्या दाराला पाच कुलपं होती. बंबकाकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूला बिजागऱ्यांत पहार घातली, एकदा वर, एकदा खाली, आणि दार उचलून गवतावर ठेवलं. पाचही कुलपं शाबूत होती. ती अजूनही बंद होती.

काकू आत गेल्या. पलंग पाहिला, पलंगाखाली पाहिलं, न्हाणी पाहिली. त्या न्हाणीत तेरा नंबरचा माणूस तिरका करूनही मावला नसता. "अहो, इथे कुणीच नाही!"

"असं कसं? बूट आहेत ना."

"म्हणजे अनवाणी गेला की काय? छताच्या झरोक्यातून?"

पुढच्या दहा मिनिटांत तळावरची नऊ माणसं वाळूत पसरली. कुणी झुडपं पाहिली, कुणी खडक पाहिले, कुणी ओल्या वाळूत तेरा नंबरचे ठसे शोधले. बंबकाकू मात्र हलल्या नाहीत. दार नसलेल्या गाडीच्या पायरीवर आमच्या शेजारी बसून राहिल्या, कारण लोकांचं घर उघडं टाकून जायचं नसतं. कुणी आत डोकावलं की त्या म्हणत, "त्यांचं सामान आहे आत. लांबून बघा." पाच तास बसल्या. सूप त्यांनी आमच्या शेगडीवर नेऊन ठेवलं.

ऊन उतरताना काका-बाई परत आले. बाईंच्या गालांवर वाऱ्याची लाली होती. काका काहीतरी सांगत होते, दोन्ही हातांनी. बंबकाका धावत त्यांच्यासमोर गेले, धापा टाकत थांबले आणि म्हणाले, "जरा धीर धरा. तुमचे मोठे भाऊ सापडत नाहीत."

आणि मी पाहिलं, आमच्या काकांचा चेहरा खरोखर पांढरा पडला. "दादा?" ते म्हणाले.

तेवढ्यात बाई मटकन पायरीवर बसल्या. बंबकाकूंना वाटलं, धक्क्याने बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. काकूंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, बाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी सगळं सांगितलं. बूट, चोर, चष्मा, रक्तदाब. बंबकाकांनी माझ्यात हात घालून पाहिला. आत कोळ्याचं जाळं होतं.

"एवढा बारकावा!" ते आदराने म्हणाले. "मी तर त्याच्या वजनाचा अंदाज घेऊन स्ट्रेचरला चार माणसं सांगितली होती."

सगळे हसले. फक्त काका हसत नव्हते. ते गवतावरच्या दारापाशी उभे होते.

"दार फुटलं," ते म्हणाले. "ठरलंय आपलं. उद्या घरी."

बाईंचं हसू थांबलं. "काय ठरलं होतं? चोर आला तर. चोर कुठंय यात?"

"दार फुटलं तर, असं ठरलं होतं. मला अक्षर न् अक्षर आठवतंय."

"उद्या सकाळी आठला बेटाची बोट आहे. आठवड्यातून एकदाच जाते ती. पुढच्या आठवड्यात..." बाई थांबल्या. पुढच्या आठवड्यात तो करडा ठिपका केवढा असेल हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि सांगायचंही नव्हतं.

काका आत गेले. वही काढली. प्रत्येक कप्पा उघडून यादीशी ताडून पाहिला. बाहेर सगळे पेशंटच्या नातेवाइकांसारखे उभे. चष्मा होता. थेंब होते. भिंग होतं. भांडी, पांघरुणं, रेडिओ, सगळं होतं. शेवटी ते शेगडीपाशी थांबले. वहीत पान मागे-पुढे केलं.

"हे पातेलं यादीत नाही," ते म्हणाले.

"माझं आहे ते," बंबकाकू ओशाळून म्हणाल्या. "सूप आहे. भाऊंसाठी आणलं होतं. मी इथेच बसले होते हो तुम्ही येईपर्यंत. कुणाला आत जाऊ नाही दिलं."

"केव्हापासून?"

"बारापासून."

काकांनी पातेल्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. बराच वेळ ते त्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. छत्तीस वर्षांत वाचनालयातून पुस्तकं गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं. कुणी येऊन आपलं एखादं ठेवून गेल्याचा अनुभव त्यांना नव्हता.

"दाराला नव्या बिजागऱ्या लागतील," बंबकाका बाहेरून म्हणाले. "दुकान दहाला उघडतं. दार मी काढलंय, मीच बसवतो. तुम्ही आठची बोट पकडा."

"दार नसताना गाडी सोडून?"

"मी आहे ना इथे."

हे वाक्य काका रोज बाईंना म्हणत. दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी बाई टोपी घालून पायरीवर उभ्या होत्या. "मी एकटी जाते हवं तर," त्या म्हणाल्या. "बोटीत कुणीतरी हात देईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त ऐकवत नव्हता. काका बाहेर आले. दाराच्या जागेकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. मग वाकले. मला वाटलं, आता चिखल. पण त्यांनी आपल्या सहा नंबरच्या बुटाची नाडी बांधली, वही बंबकाकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "काही हललं तर लिहून ठेवा."

"अहो, मी काय हलवणार?"

"नाही, नसेल हललं तर काही लिहू नका."

आणि त्यांनी बाईंचा हात धरला. वाळूच्या वाटेने जाताना त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं. चौथ्या वेळी, वळणावर, वळायला हवं होतं. पण तेव्हा बाईंनी काहीतरी विचारलं होतं, आणि काका त्यांच्या कानाशी वाकून, समुद्राकडे बोट दाखवून, सांगत होते.

त्या सकाळी निघताना 'दादा, येतो' म्हणायला ते विसरले. आपली ही नोकरीही गेली, हे मला तेव्हा कळलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. यादीतली सोळाच्या सोळा ठिकाणं झाली. वर आणखी पाच झाली, ती यादीत नव्हती. दाराला आता दोनच कुलपं आहेत. पुढचा पट्टा रोज आवळतात, खिट्ट्या अजूनही वहीत तपासतात. न्हाणीची आधी. पण नव्या तळावर पोहोचलं की काका सगळ्यात आधी शेजारच्या गाडीचं दार वाजवतात. "आम्ही दोघंच आहोत," ते सांगतात. "तिसरं कुणी नाही. हिला कमी दिसतं. चारपर्यंत येऊ. काही आवाज झाला तर बघा. तुम्ही गेलात तर तुमच्याकडे मी बघतो." चोरी पुन्हा झालेली नाही. उलट बऱ्याच तळांवर भलतीच पातेली घरात येतात.

बाईंच्या नजरेचा मधला भाग आता गेला आहे. कडेकडेचं थोडं उरलंय, तेवढ्यावर त्या भागवतात. तळावर वीस-पंचवीस गाड्या एका रांगेत असतात. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना एक दार, सगळ्यांना एक पायरी. नळावरून पाणी घेऊन येताना बाई हातातली काठी जमिनीलगत फिरवत येतात. ती आम्हाला लागली की थांबतात. "आलं घर," म्हणतात आणि आत जातात. इतके मोठे बूट दुसऱ्या कुणाच्या दारात नसतात.

मागच्या महिन्यात एका व्यवस्थित माणसाने आम्हाला उचलून गाडीखाली नीट लावून ठेवलं. वाटेत येतात म्हणून. त्याचा हेतू वाईट नव्हता. काका दुकानात गेले होते. बाई पाण्याचं भांडं घेऊन त्या रांगेत वीस मिनिटं उभ्या होत्या, आणि तीन परक्या दारांना हात लावून परत फिरल्या. मी सगळं पाहत होतो. ओरडलोसुद्धा. पण मित्रांनो, बुटाचं कोण ऐकतं?

म्हणून एवढीच विनंती आहे. कुणाच्या दाराबाहेर जुने, मळके, बेढब बूट दिसले तर त्यांना हसा, त्यांच्यावरची घाण झाडा, फोटोही काढा. फक्त त्यांना जागेवरून हलवू नका. आत कुणी राहत नसेलही. पण बाहेरून कुणीतरी घरी येत असतं.